तेवीस नंबरचा बहुरूपी

जुना फोन ड्रॉवरमधे पडला होता, सहज चार्जिंगला लावून बघितला तर चक्क चालू झाला, आणि गॅलरी उघडली तर सगळ्यात आधी तोच फोटो. लाल-पांढरी बुटकी गाडी, माझ्या कमरेच्या वर पण येत नाही, अंगावर ठळक २३ आकडा, आणि शेजारी मी, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून, लग्नात नवरदेवाच्या शेजारी उभं राहतात ना तसा अवघडून. २०१५ साली ऑफिसने तीन महिने स्टुटगार्टला पाठवलं होतं तेव्हाचा. (मुंबई आणि स्टुटगार्ट या १९६८पासून सिस्टर सिटी आहेत, हे मला तिकडे गेल्यावर कळलं. आणि मी पुण्याचा, त्यामुळे त्याचं फार काही वाटलं नाही.) तिकडे शनिवार-रविवारी करायचं काय हा मोठा प्रश्न असतो, रविवारी तर दुकानं पण बंद, म्हणून एका शनिवारी एस-बान (तिकडची लोकल) पकडून त्सुफेनहाउझेनला गेलो. पोर्शेचं म्युझियम तिथेच आहे, स्टेशनला खेटून, तीन पायांवर उचलून धरलेली पांढरी अवाढव्य बिल्डिंग.

फोटो काढला आणि लगेच कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, १९७०ची ल माँ जिंकलेली गाडी!! पोर्शेचा पहिला विजय!! (ल माँ म्हणजे स्पेलिंग बघून आपण ले मान्स म्हणतो ते. फ्रान्समधली चोवीस तासांची रेस.) पोरांनी अंगठे दाखवले, एकाने विचारलं किती देते, आणि विषय संपला. गाडीपुढच्या पाटीवर काय लिहिलं होतं ते मी वाचलंच नव्हतं, खरं सांगतो. कशाला वाचायचं, लाल-पांढरी ९१७ (हे पोर्शेच्या मॉडेलचं नाव), नंबर २३, मी तर लहानपणापासून ओळखतो तिला.

चार वर्षांनी कळलं की ती गाडी ती नव्हतीच.

म्हणजे खोटी नव्हती. ९१७च होती, पोर्शेनेच बनवलेली, एकदम अस्सल. पण जी जिंकली तिचा चेसिस नंबर ९१७-०२३, (रेसचा नंबर पण २३ आणि चेसिस पण २३, त्यामुळे घोळ अजूनच वाढतो), आणि ती विकली जाऊन खासगी मालकाकडे गेली. माझ्या फोटोत आहे ती ९१७-००१. सगळ्यात पहिली. आणि गंमत म्हणजे ही पहिली गाडी आयुष्यात एकही रेस धावलेली नाही. प्रदर्शनात उभी राहिली, टेस्टिंगला वापरली, आणि नंतर शेपूट छाटून, लाल-पांढरा रंग मारून, २३ नंबर चिकटवून जिंकलेल्या बहिणीचे कपडे घालून उभी केली. कित्येक दशकं. त्या काळात माझ्यासारख्या किती लोकांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले असतील याचा हिशोब नाही.

मला एकदम आमच्या गावचा बहुरूपी आठवला. दिवाळी झाली की यायचा, इन्स्पेक्टरच्या ड्रेसमधे, हातात छडी, दारात उभा राहून आजीला दम द्यायचा की तुमच्यावर केस झालीय, चला चौकीवर, आणि आजी पण घाबरल्याचं नाटक करून सुपातून धान्य घालायची. एका वर्षी तो उन्हाळ्यात आला, साधा लेंगा-शर्ट, काहीतरी कामाला चालला असेल, पाणी मागितलं. घरातल्या कुणीच ओळखलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर तोच म्हणाला, आजी, यंदा केस काढून घेतली बरं का तुमच्यावरची. तेव्हा कुठे सगळे हसले. पण ते मधलं अर्धं मिनिट, जेव्हा तो आमच्या ओट्यावर बसला होता आणि आम्ही त्याच्याकडे परका माणूस म्हणून बघत होतो, ते मला अजून आठवतं.

हे सगळं आत्ताच डोक्यात यायचं कारण वेगळं आहे. बाबांची चेतक नाना पेठेत उघडून पडलीय, पार्ट-पार्ट सुटे करून, आणि मेकॅनिक रोज फोन करून एकच विचारतोय, साहेब, रंग कुठला मारायचा? पण त्याच्याकडे नंतर येतो, आधी ही गाडी.

तर झालं असं की १९६८पासून नियम बदलला. ल माँसारख्या रेसेसमधे प्रोटोटाइप, म्हणजे फक्त रेससाठीच बनवलेल्या गाड्यांना इंजिन जास्तीत जास्त तीन लिटरचं. आदल्या वर्षी फोर्डवाल्यांनी सात लिटरची धूडं पळवली होती, स्पीड फारच वाढले होते, म्हणून हा लगाम. पण त्याच नियमात एक पळवाट होती. पाच लिटरपर्यंतचं इंजिन चालेल, फक्त मग ती ‘स्पोर्ट्स कार’ म्हणून नोंदवायची आणि तशा ५० गाड्या बनवलेल्या पाहिजेत. पुढे ५०चे २५ केले. हेतू साधा होता की ज्यांच्याकडे आधीच्या फोर्ड जीटी४० आणि लोला पडून आहेत त्यांना पण पळता यावं, नाहीतर रेसला उभ्या करायला गाड्याच उरणार नाहीत. अगदी नवी कोरी रेसची गाडी एकदम पंचवीस कोण बनवणार? कुणाला परवडणार?

फर्डिनांड पीएच नावाच्या माणसाला परवडणार होतं. म्हणजे पोर्शेला खरं तर नव्हतंच परवडत, पण हा माणूस फर्डिनांड पोर्शेचा नातू, तिशीतला, डेव्हलपमेंटचा प्रमुख आणि भयंकर हट्टी. १९६८च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं आणि साधारण दहा महिन्यांत गाडी उभी. इंजिन हान्स मेट्झगरचं, बारा सिलिंडर, साडेचार लिटर, आडवं झोपलेलं, आणि एअर-कूल्ड! पाणी नाही, रेडिएटर नाही, इंजिनच्या डोक्यावर एक मोठा आडवा पंखा. आता चेतकला पण फ्लायव्हीलवर पंखाच असतो, पत्र्याच्या टोपणाखाली, त्यामुळे मला या इंजिनबद्दल उगाचच घरच्यासारखं वाटतं. फरक एवढाच की ९१७चा नुसता पंखा फिरवायला १७ हॉर्सपॉवर लागायची. चेतकची अख्खी ताकद त्याच्या निम्मी पण नाही.

अजून एक गोष्ट मला या इंजिनची फार आवडते. बारा सिलिंडर म्हणजे क्रँकशाफ्ट लांबलचक, आणि अशी लांब दांडी एका टोकाला ताकद काढली की ओली चादर पिळावी तशी पिळवटते. मेट्झगरने ताकद टोकाला न काढता मधोमध गिअर बसवून तिथून काढली. म्हणजे जणू सहा-सहाची दोन इंजिनं पाठीला पाठ लावून. सोपं वाटतं ना ऐकायला? सुचायला पाहिजे.

चेसिस म्हणजे अॅल्युमिनियमच्या बारीक नळ्यांचा पिंजरा, वजन पन्नास किलोच्या आत. माझं स्वतःचं वजन बघता मी तो पिंजरा उचलला तर लोक त्याची काळजी करतील, माझी नाही. काही गाड्यांत त्या नळ्यांमधे दाबाने हवा भरायचे आणि ड्रायव्हरसमोर गेज, प्रेशर उतरलं तर समजायचं की कुठेतरी वेल्डिंगला तडा गेलाय. सायकलच्या ट्यूबमधे हवा भरून पंक्चर शोधतात तीच आयडिया, फक्त इथे ट्यूबच्या जागी गाडीचा सांगाडा आणि तुम्ही तीनशेच्या स्पीडला. ड्रायव्हरचे पाय पुढच्या चाकांच्या अॅक्सलच्याही पुढे. धडकलं तर आधी काय धडकणार ते सांगायला नको.

१२ मार्च १९६९, जिनिव्हा मोटर शो. ००१ पहिल्यांदा लोकांसमोर आली. पांढरी, नाकाडं हिरवं. किंमत १,४०,००० जर्मन मार्क, म्हणजे तेव्हा त्यात पोर्शेच्याच रस्त्यावर चालवायच्या साधारण दहा ९११ आल्या असत्या. हा त्या गाडीचा खरा, पहिला, मूळ रंग. पांढरा आणि हिरवा. लाल कुठेच नाही.

मग तपासणीची गंमत. पहिल्यांदा रेसिंग संघटनेची माणसं फॅक्टरीत आली तेव्हा पूर्ण तयार गाड्या जेमतेम तीन, बाकीच्या अर्धवट जोडलेल्या, उरलेल्यांचे पार्ट मांडून ठेवलेले. पोर्शेवाले म्हणाले बघा, माल सगळा आहे, आता जोडून परत खोलायच्या म्हणजे डबल काम. ते म्हणाले नाही, पंचवीस गाड्या पाहिजेत, पंचवीस गाड्यांचे पार्ट नकोत. झालं. मग जो हाताशी लागेल त्याला कामाला लावलं, ऑफिसातले क्लार्क, सेक्रेटरी, निरोप पोचवणारी पोरं, असं पोर्शेची जुनी माणसं सांगायची, आणि म्हणून त्या लॉटला नंतर गमतीत सेक्रेटरींच्या गाड्या म्हणायचे. २१ एप्रिलला फॅक्टरीच्या अंगणात पंचवीस पांढऱ्या गाड्या पंगतीत पानं मांडावीत तशा एका ओळीत तिरक्या उभ्या. तो फोटो बघाच कधीतरी. पीएच पाहुण्यांना म्हणाला, घ्या कुठलीही, चालवून बघा. पाहुणे म्हणाले, नको. शहाणे होते. त्यातल्या बऱ्याच गाड्या अंगणातून बाहेर कितपत गेल्या असत्या देव जाणे, रेसला पाठवायच्या आधी त्या सगळ्या परत सोडून नीट जोडाव्या लागल्याच.

म्हणजे हे रूप बदलणं, आहे त्यापेक्षा वेगळं दिसणं, ९१७च्या जन्मापासूनच आहे. ही गाडी जगात आलीच ती ‘मी प्रोटोटाइप नाही हो, मी तर दुकानात मिळणारी साधी स्पोर्ट्स कार’ असं सोंग घेऊन. ००१ने पुढे जे केलं ते घराण्याला धरूनच होतं.

आणि सुरुवातीला ती चालवायला अतिशय वाईट होती. वाईट म्हणजे जीव घेणारी. स्पीड भरपूर पण तीनशेच्या पुढे सरळ रस्त्यावर पण सरळ जायची नाही, मागची बाजू हवेत तरंगायला लागायची, पूर्ण रस्ता लागायचा तिला. मे महिन्यात बेल्जियममधल्या स्पाला पहिली रेस, जो सिफर्ट हा त्यांचा सगळ्यात धीट गडी, त्याने पण आपली जुनी ९०८च घेतली. मिटर आणि शुट्झ या जोडीची ९१७ एका लॅपमधे बंद पडली. जूनमधे ल माँ. तिथे जॉन वुल्फ नावाच्या एका हौशी इंग्रज ड्रायव्हरने स्वतःच्या पैशाने ९१७ विकत घेऊन आणली होती. पहिल्याच लॅपला गाडी आदळली आणि तो जागच्या जागी गेला. रेस चालू राहिली. एल्फर्ड आणि अॅटवुडची ९१७ तासनतास पहिली होती, आणि २१व्या तासाला तिनेही मान टाकली.

ते मागे जे फडफडणारे फ्लॅप होते त्याबद्दल एक सांगायचं राहिलं. गाडीच्या शेपटाला दोन हलणाऱ्या पट्ट्या, सस्पेन्शनला जोडलेल्या, वळणावर एका बाजूचं चाक वर गेलं की त्या बाजूची पट्टी हलून दाब सांभाळायची. त्याच वर्षी फॉर्म्युला वनमधे गाड्यांवरचे पंख (विंग) मोडून अपघात झाले म्हणून हलणाऱ्या पंखांवर सरसकट बंदी आली. पोर्शेचं म्हणणं, आमची गाडी या पट्ट्यांसकटच पास केलीय तुम्ही, काढल्या तर माणसं मरतील. शेवटी ल माँला त्यांना तेवढी सूट मिळाली.

उत्तर सापडलं ते चिलटांमुळे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी इंजिनियरिंगला जरा मन लावून बसलो असतो. १९६९च्या ऑक्टोबरमधे ऑस्ट्रियात त्सेल्टवेगला टेस्टिंग चालू होतं, पोर्शेची माणसं आणि जॉन वायरची इंग्लिश टीम, जी पुढच्या वर्षीपासून गल्फ या तेल कंपनीच्या निळ्या-केशरी रंगात पोर्शे पळवणार होती. त्यातला जॉन हॉर्समन गाडी आत आली की तिच्याभोवती फिरायचा. त्याने बघितलं की गाडीच्या नाकावर, काचेवर सगळीकडे मेलेल्या चिलटांचा सडा आहे, आणि शेपूट मात्र धुतल्यासारखं स्वच्छ. शेपटावर चिलटं नाहीत, म्हणजे तिथपर्यंत हवा पोचतच नाहीये, म्हणजे त्या पट्ट्या-बिट्ट्या नुसत्या शोभेच्या. मग तिथेच अॅल्युमिनियमचा पत्रा कापून, रिव्हेट ठोकून, टेप लावून, शेपूट आखूड आणि चढतं केलं. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात आणि नाक मुरडतात. ब्रायन रेडमन आणि कुर्ट आरेन्स ती घेऊन गेले आणि लॅप संपला तरी आत आलेच नाहीत, चालवतच राहिले. तिथून पुढची ती ९१७के, के म्हणजे कुर्झ, आखूड.

१९७०ची ल माँ तर कथाच आहे. लाल-पांढरी २३ ही मुख्य फॅक्टरी टीमची पण नव्हती, ऑस्ट्रियातल्या पोर्शे साल्झबुर्गची होती, आणि ती कंपनी लुईझे पीएचची, म्हणजे आपल्या हट्टी साहेबांची आई. लाल-पांढरा म्हणजे ऑस्ट्रियाच्या झेंड्याचे रंग. ड्रायव्हर हान्स हेर्मान, वय ४२, आणि रिचर्ड अॅटवुड. बाकीच्यांनी नवं मोठं इंजिन घेतलं, अॅटवुडने भरवशाचं जुनं साडेचार लिटरचंच मागून घेतलं, आणि क्वालिफायिंगला १५वा नंबर आल्यावर त्याला वाटलं की झक मारली. वर त्याला रेसभर गिळता येत नव्हतं, दुधावर होता, नंतर कळलं गालगुंड झाले होते! आणि पाऊस. रात्रभर धो-धो. मोठ्या इंजिनवाले एकेक करून भिंतीत नाहीतर गॅरेजमधे गेले. ५१ गाड्या निघाल्या आणि शेवटी निकालात धरल्या गेल्या फक्त सात. हे दोघं ३४३ लॅप मारून पहिले, दुसऱ्या गाडीला पाच लॅपचं अंतर. हेर्मानने बायकोला शब्द दिला होता की जिंकलो तर सोडून देईन. सोडलं. त्याच दिवशी.

तर अशी गाडी, ०२३. जिंकलेली. आणि ती गेली विकली. तेव्हा रेसच्या गाडीला हंगाम संपल्यावर कोण ठेवत होतं, ते हत्यार होतं, काम झालं की विका आणि पुढची बनवा. म्युझियमसाठी काहीतरी लाल-पांढरं पाहिजे होतं, हाताशी ००१ होती जिचा दुसरा काही उपयोग नव्हता, दिली रंगवून. मला यात कुणाची लबाडी दिसत नाही. त्या काळात ‘ओरिजिनल’ हा शब्द एवढा वजनदार नव्हताच. रेसच्या टीम तर चेसिस नंबरच्या प्लेटा पण इकडच्या तिकडे करायच्या, कारण सीमेवर कस्टम्सच्या कागदावर जो नंबर असेल त्याच नंबरची गाडी ट्रकमधे पाहिजे. गाडी ठोकली की नवी चौकट आणायची आणि जुना नंबर लावायचा. आज त्या नंबरांसाठी लोक वकील लावतात.

मग पन्नास वर्षं व्हायला आली आणि म्युझियमवाल्यांनी ठरवलं की ००१ला परत ००१ करायचं. वर्षाच्या वर काम चाललं. मला गॅरेजमधला माणूस म्हणून (म्हणजे गॅरेजमधे स्टुलावर बसून चहा पिणारा माणूस म्हणून) यातलं अवघड काय ते लगेच कळलं. रंग उतरवणं सोपं आहे. पण ती आखूड केलेली होती, लांब शेपूट गेलेलं. मागचा भाग नवीन करावा लागला, जुनी ड्रॉइंग्ज काढून. अॅल्युमिनियमचा पिंजरा बऱ्यापैकी टिकला होता, जमेल तेवढा तोच ठेवून दुरुस्त केला. एकेक पार्ट हातात घेऊन जुन्या कागदांशी ताडून बघायचा, हा पहिल्यापासूनचा की मधे बदललेला, ठेवायचा की काढायचा. म्हणजे बघा, ‘मूळ’ गाडी परत आणण्यासाठी नवीन पार्ट लावायचे आणि तिच्या अंगावर कित्येक वर्षं असलेले खरे जुने पार्ट काढून ठेवायचे. आपल्याकडे देवळांचा जीर्णोद्धार होतो तेव्हा पण हेच होतं, पन्नास वर्षांपूर्वीचा ऑइलपेंट खरवडून आतला दगड मोकळा करतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, हा कुठला देव, आमचा देव तर केशरी होता.

२०१९च्या जुलैमधे परत स्टुटगार्टला जायचा योग आला, चार दिवसांची मीटिंग. म्युझियममधे ९१७चं खास प्रदर्शन लागलं होतं, नाव कलर्स ऑफ स्पीड, मे ते सप्टेंबर. एक संध्याकाळ काढून गेलो. आणि ती तिथे होती, पांढरीशुभ्र, हिरवं नाक, लांब शेपूट, अगदी जिनिव्हातल्या फोटोसारखी, कालच बनवल्यासारखी.

मी तिला ओळखलं नाही.

म्हणजे पाटी वाचली (यावेळी वाचली!), सगळं माहीत होतं, तरी आत काही हललं नाही. सुंदर होती, प्रश्नच नाही. सगळं बरोबर होतं. पण माझा फोटो जिच्याबरोबर आहे ती लाल गाडी आता जगात कुठेच नाही हे मला तिथे उभं असताना पहिल्यांदा जाणवलं. ०२३ आहे, पण तिला मी कधी भेटलो नाही. मी भेटलो तो बहुरूपी, आणि त्याला कुणीतरी सांगितलं की आता पुरे, तोंड धुऊन ये.

मला माहितीये की म्युझियमवाले बरोबर आहेत. जगात पहिली ९१७ एकच आहे, आणि लाल-पांढऱ्या ९१७के अजूनही बघायला मिळतात. त्यांच्या जागी मी असतो तरी बहुतेक हेच केलं असतं. पण हिशोब बघा ना, पांढरी-हिरवी ती किती दिवस होती? काही महिने. लाल किती वर्षं? आयुष्याचा सगळा काळ तिने जे सोंग वागवलं ते खोटं आणि जन्मल्यावरचे चार महिने तेवढे खरे, असा निकाल लावणं मला जरा कठोर वाटतं. कुणीतरी तारीख ठरवतं, मग त्या तारखेच्या पुढचं सगळं मळ म्हणून धुतलं जातं.

प्रदर्शन चालू असतानाच, ऑगस्टमधे, पीएच गेला. ८२ वर्षांचा होऊन. पुढच्या जूनमधे मेट्झगर. पांढरी गाडी परत बघून गेले असतील का दोघं, मला उगाच वाटत राहतं.

आता चेतक.

बाबांनी नंबर लावला होता १९७४ला आणि गाडी हातात आली १९८१ला. आज पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं, स्कूटरसाठी सात वर्षं थांबणं. मला आठवते ती गाडी निळी. मी शाळेत पुढे उभा राहून गेलो ती निळी, ताईला लग्नानंतर स्टेशनवर सोडली ती निळी, बंद पडली की बाबा तिला आडवी झुकवून, दोनदा हलवून, परत किक मारायचे ती निळी. ते गेल्यावर पाच वर्षं पार्किंगमधे उभी होती, सीटवर मांजरं झोपायची. शेवटी टेम्पोत घालून नाना पेठेत नेली. मेकॅनिकने बाजूचा डोम काढला, पॉलिशपेपर मारला आणि म्हणाला, साहेब, हिचा ओरिजिनल कलर निळा नाहीये. बघतो तर निळ्याखाली लांबी (पुट्टी), लांबीखाली प्रायमर, त्याच्याखाली क्रीम.

मी एकदम एक्साइट झालो. ९१७चं सगळं डोक्यात होतंच. म्हटलं क्रीमच करायची, कंपनीतून आली तशी, मोनोग्राम पण जुन्या बाजारातून शोधू. रात्री आईला सांगितलं की आई, आपली गाडी मूळची क्रीम होती, तुला आठवतं का?

“न आठवायला काय झालं,” आई म्हणाली, “ह्यांना नकोच होती ती. निळी मागितली होती. डीलर म्हणाला, आत्ता क्रीमच आहे, निळी पाहिजे तर अजून चार-सहा महिने थांबा. सात वर्षं थांबलेला माणूस, आणला तो क्रीम डबा घरी. सगळे पेढे खातायत आणि ह्यांचं तोंड एवढंसं. नंतर तू बालवाडीत गेलास त्या वर्षी बोनस मिळाला तेव्हा पहिलं काम काय केलं, तर गाडी निळी करून आणली. चार दिवस मला गच्चीतून दाखवत होते, बघ, उन्हात कशी दिसते.”

मी म्हटलं मग काय करू?

“मला काय विचारतोस. तुझी गाडी आहे आता.”

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला सांगितलं, निळीच कर. तो म्हणाला शेड कार्ड बघा. बघितलं, त्यात निळे अकरा होते आणि बाबांचा एकही नव्हता. तेव्हा कुणीतरी डबे मिक्स करून हाताने शेड बनवला असणार. मग डिकीचं झाकण काढलं, आतल्या बाजूला जिथे ऊन कधी लागलंच नाही तिथला रंग बघितला तर चांगला गडद, दौतीतल्या शाईसारखा, जो मी जन्मात कधी पाहिलेला नाही. आणि बाहेरून तेच झाकण फिकट, आकाशासारखं, ज्याच्यावर माझं सगळं लहानपण गेलं. रंगाच्या दुकानात मशीनवर शेड जुळवणारा पोरगा बावीस-तेवीसचा असेल, त्याने झाकण उलटं-सुलटं करून बघितलं आणि विचारलं, काका, आतला मॅच करू का बाहेरचा?

मी म्हटलं, एक मिनिट थांब, घरी फोन लावतो.